पंखाच्या नाकाशी शेवटची पाच भोकं का सरकली

मिशिगनमधल्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ते गॅरेजमध्ये आरव्ही-७ चा, म्हणजे किट आणून घरी बांधायच्या छोट्या विमानाचा, पंख बांधताहेत. लीडिंग एजचा, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेचा (नाकाचा) पत्रा आणि आतल्या आडव्या फासळ्या, म्हणजे रिब, क्लेकोंनी (भोकात बसणाऱ्या तात्पुरत्या चिमट्यांनी) जोडल्या, तेव्हा सगळी भोकं नीट जुळली. मग ड्रिल, बर (भोकाच्या काठची धार) काढणं, डिंपल (रिव्हेटचं डोकं बसायला भोकाभोवती दाबलेली वाटी), प्रायमर असं सगळं उरकून त्यांनी एका रिबची वरची रांग रिव्हेट करायला घेतली. दर पाचव्या भोकात क्लेको ठेवला, सुरुवात स्पारकडून (पंखाच्या मुख्य तुळईकडून) केली आणि नाकाकडे सरकत गेले. शेवटच्या पाच भोकांशी पोचले तर पत्र्याचं भोक रिबच्या भोकावरून पाव भोकभर सरकलेलं. सोबत फोटोही आहे. ‘३० नंबरच्या बिटाने मोठं करून ३/३२ ऐवजी १/८ इंचाचे रिव्हेट घालू का? आणि मारलेल्यांपैकी दोन रिव्हेट वाकडे बसलेत, ते काढू का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देतो: नको. दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात देता येणार नाही.

माझी पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे कुठल्या अनुभवावर बोलतोय ते कळेल. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात नऊ वर्षं पत्राकामावर होतो. नंतर अमेरिकेत विचिटात त्याच कामात आयुष्य गेलं आणि शेवटची सात वर्षं शनिवार-रविवार लावून स्वतःची आरव्ही-७ बांधली. कारखान्यात जिगमध्ये, म्हणजे भाग पकडून ठेवणाऱ्या पक्क्या चौकटीत, ते हलूच शकत नाहीत. घरी जिग म्हणजे आपणच. त्यामुळे कारखान्यातले माझे निम्मे हिशेब घरी आल्यावर चुकले, हेही कबूल करतो.

तुम्ही प्रश्न भोकांचा म्हणून विचारलात, पण मला तो पत्रा मुळात हलला कसा याचा वाटतो. डिंपल केलेला पत्रा डिंपल केलेल्या रिबवर बसतो तेव्हा वाटीत वाटी बसावी तसा बसतो. वाटीत बसलेली वाटी आडवी सरकत नाही. पत्रा पाव भोक सरकला याचा अर्थ त्या पाच ठिकाणी वाट्या एकमेकींत बसलेल्याच नव्हत्या. कच्च्या जोडणीच्या वेळी डिंपल नव्हते, पत्रा सपाट होता, म्हणून भोकं जुळली. पक्क्या जोडणीच्या वेळी काहीतरी बदललं. ते काय, हे शोधायच्या आधी ड्रिल फिरवलात तर पुरावाच पुसला जाईल.

हे ‘पाव भोक’ किती मोठं आहे बघा. ३/३२ इंचाचा रिव्हेट २.३८ मिलिमीटरचा आणि ४० नंबरच्या बिटाचं भोक २.४९ मिलिमीटरचं, म्हणजे एकूण मोकळीक जेमतेम ०.१ मिलिमीटर. पाव भोक सरकणं म्हणजे ०.६ मिलिमीटर, मोकळिकीच्या सहापट. एवढा फरक एका भोकात पडत नाही. तो मागच्या रांगेतून साचत आलेला असतो, नाहीतर एखादा भागच जागेवर नसतो.

आता चंद्रकोरीकडे बघा. सरकलेल्या भोकातून आत पाहिलं की रिबचा पत्रा चंद्रकोरीसारखा डोकावतो. ती कोर रिबच्या लांबीच्या दिशेने आहे, म्हणजे नाकाकडे किंवा स्पारकडे, की आडवी, पंखाच्या टोकाकडे किंवा विमानाच्या पोटाकडे? लांबीच्या दिशेने असेल तर संशय फ्लूटिंग (रिबच्या कडेला चुण्या घालणं), डिंपल आणि रिव्हेट मारायचा क्रम यांवर जातो. आडवी असेल तर रिब मध्ये पोट काढून वाकली असेल, किंवा पत्रा आणि सांगाडा यांच्या तापमानात फरक असेल. तुमच्या फोटोत ती लांबीच्या दिशेने दिसते, पण फोटो तिरका आहे. खात्री तुम्हीच करा.

फ्लूटिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण किट बांधणारे बरेच जण ते उरकून टाकतात. नाकाची रिब साच्यावर दाबून तिचा फ्लँज, म्हणजे पत्रा टेकायची कड, दुमडतात. वळणावर तो पत्रा आक्रसावा लागतो आणि ॲल्युमिनियम काही आपणहून आक्रसत नाही, म्हणून अख्खी रिब केळ्यासारखी वाकते. ब्लाउजच्या बाहीला खांद्यावर चुण्या घालतात तशा इथे फ्लँजला दोन भोकांच्या मधोमध फ्लूटिंग प्लायरने चुण्या घालायच्या, की रिब सरळ होते. सपाट टेबलावर रिब ठेवली की ती कुठेही डुगडुगता कामा नये, हे सगळेच बघतात. भोकांची रांग बघायची राहून जाते. चुणी जास्त खोल गेली तर रिब सपाट दिसते, पण दोन भोकांमधलं अंतर कमी झालेलं असतं. पत्र्याची भोकं यंत्राने पाडलेली, ती हटत नाहीत. तीन-चार चुण्यांमध्ये दरवेळी थोडं थोडं अंतर घटलं की शेवटच्या भोकाशी फरक डोळ्यांना दिसायला लागतो. मी पत्र्याची पातळ पट्टी रिबच्या फ्लँजवर वळवून भोकं ताडून बघायचो. एका रिबला दहा मिनिटं जात आणि बायको म्हणायची, हे विमान आहे की भरतकाम.

तुमच्या बाबतीत मात्र कच्च्या जोडणीत भोकं जुळली होती. म्हणजे फ्लूटिंग बहुतेक ठीक असावं आणि पहिला संशय डिंपलवरच. नाकाशी फ्लँज वळलेला असतो, चुण्याही तिथेच जवळजवळ असतात. डिंपल दाबायच्या स्क्वीझरचा डाय (साचा) तिथे सपाट टेकत नाही, थोडा तिरपा बसतो आणि डिंपल अर्धवट पडतो. पत्र्याच्या बाजूलाही तीच अडचण. वळवलेल्या पत्र्यात सी-फ्रेम (डिंपल पाडायची मोठी चौकट) नाकापर्यंत पोचत नाही, म्हणून शेवटची भोकं हातानेच करावी लागतात. पूर्ण पडलेल्या डिंपलभोवती पत्रा आरशासारखा सपाट असतो, डायच्या कडेची बारीक गोल खूण उमटलेली दिसते. अर्धवट डिंपलभोवती बशीसारखा खोलगटपणा राहतो. बॅटरीचा उजेड पत्र्याला जवळजवळ समांतर पाडा, लगेच कळेल. भोकात रिव्हेट सैल ठेवून नखाने चाचपलात तरी समजतं, कारण डोकं पत्र्याच्या वर राहतं. प्रायमरचा थर वाटीत साचला असेल किंवा बर नीट न काढल्यामुळे मध्ये कीस अडकला असेल तरी वाट्या बसत नाहीत, तेही बघून घ्या.

दुसरा संशय क्रमावर. तुम्ही दर पाचव्या भोकात क्लेको ठेवून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलात. शिंपी आधी धावदोरा घालतो आणि मगच मशीन मारतो. क्लेको म्हणजे आपला धावदोरा, आणि तो विरळ असला की वरचं कापड सरकत जातं. प्रत्येक रिव्हेट ठोकताना फुगतो, भोक गच्च भरतो आणि पातळ पत्र्याला केसभर ढकलतो. रिव्हेट गनचा ठोका पत्राही किंचित ताणतो. एका दिशेने जात राहिलं की हा केसभर केसभर पुढे ढकलला जातो आणि शेवटी त्याला जायला जागा उरत नाही. मग एकतर भोकं सरकतात, नाहीतर पत्र्याला फुगवटा येतो आणि बोटाने दाबलं की डब्याच्या झाकणासारखा टक्कन आवाज येतो.

लीडिंग एजला मी सुरुवात नाकाकडून करतो. पत्रा तिथेच सर्वांत घट्ट वळलेला असतो आणि हालचालीला जागा तिथेच सर्वांत कमी असते. दर एकाआड एक भोकात क्लेको. नाकाजवळचे पहिले दोन-तीन रिव्हेट वरच्या बाजूला, मग तेवढेच खालच्या बाजूला, मग शेजारच्या रिबवर तसंच. असं सगळ्या रिबांवर फिरून पुन्हा पहिल्या रिबवर यायचं. उरलेला ताण स्पारच्या बाजूला, मोकळ्या कडेला निघून जातो. सपाट पत्र्याला मी मधून कडेकडे जातो. यावर मतं वेगळी आहेत. कोपऱ्यातून तिरपं पसरत जाणारेही चांगलं काम करतात, आणि तुमच्या किटच्या पुस्तकात क्रम दिला असेल तर माझ्यापेक्षा त्याचं ऐका. एका टोकाकडून सरळ दुसऱ्या टोकाकडे जाऊन वर क्लेकोही विरळ, ही जोडी मात्र कुठेच चालत नाही.

तापमानाबद्दल थोडक्यात. प्रायमर वाळवायला पत्रे घरात गरम खोलीत ठेवता, असं तुम्ही ओघात लिहिलंय. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं. दीड मीटरच्या पत्र्यात आणि गॅरेजमधल्या सांगाड्यात दहा अंश सेल्सिअसचा फरक असेल तर लांबीत साधारण ०.३५ मिलिमीटरचा फरक पडतो. तो पंखाच्या लांबीच्या दिशेने पडेल, म्हणजे चंद्रकोर आडवी दिसेल. पत्रे आणि सांगाडा आदल्या रात्रीपासून एकाच ठिकाणी असू द्या, विषय संपला.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. रिव्हेट भाग सरळ करत नाही. ठोकण्याच्या क्षणी ते जसे असतात तसेच तो कायमचे गोठवतो. क्लेकोंवर असताना पंखाला पीळ असेल तर हाताने जरा मुरगाळून सरळ करता येतो. वर-खाली पत्रा रिव्हेट झाला की ती बंद पेटी होते, मग तो पीळ आयुष्यभराचा. माझा पहिला फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) मी सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर प्लायवूड टाकून बांधला. एक घोडा गॅरेजच्या उतारावर होता. डोळ्यांना काही दिसलं नाही. रिव्हेट झाल्यावर दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमचे अँगल आडवे ठेवून एकावरून दुसरा बघितला, तर कडा समांतर नव्हत्या. तो फ्लॅप आज गॅरेजच्या भिंतीवर टांगलाय आणि आलेला प्रत्येक पाहुणा त्याचं कौतुक करतो.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. टेबलाच्या चार कोपऱ्यांतून दोन तिरप्या दोऱ्या ताणायच्या. मधोमध त्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. फट राहिली किंवा एकीने दुसरीला दाबलं तर टेबलालाच पीळ आहे. पंखाला ओळंबे: मुख्य स्पारच्या दोन्ही टोकांजवळून ओळंबा सोडायचा आणि मागच्या स्पारपर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारखं येतं का ते मोजायचं. डिजिटल लेव्हल हाताशी असली तरी ओळंबा सोडा, त्याची बॅटरी उतरत नाही. छताचा पंखा बंद करून, दार लावून मोजा, नाहीतर तो झुलतच राहतो. हे माप पत्रा चढवल्यावर, रिव्हेट मारण्याआधी पुन्हा घ्यायचं. आणि ‘हे घरी कसं जमेल, हँगर पाहिजे’ असं कुणी म्हणालं तर त्यांना कॅप्टन अमोल यादव यांची आठवण करून द्या. त्यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते मुंबईत लोकांसमोर मांडलं. जागा लहान असली तरी भागतं, पण ती सपाट हवी.

तर तुमच्यापुढे आता काम काय? खालची बाजू अजून क्लेकोवरच आहे असं लिहिलंय, हे तुमचं नशीब. खालचे क्लेको काढा आणि वरच्या रांगेतले शेवटचे चार-पाच रिव्हेट काढा, म्हणजे पत्रा नाकापासून थोडा उघडेल. उघड्या भोकांचे डिंपल दोन्हीकडून तपासा, अर्धवट असतील ते पुन्हा दाबा. जिथे स्क्वीझर शिरत नाही तिथे भोकातून खिळा ओवून पॉप रिव्हेटच्या प्लायरने ओढायचे छोटे डाय मिळतात. ते पूर्ण ताकद लावत नाहीत, पण अर्धवट डिंपल पुरा करायला पुरतात. मग चांदीच्या रंगाचे, म्हणजे ३/३२ चे क्लेको एकाआड एक लावून बघा. भोकं आपणहून जुळली किंवा निमुळत्या पंचाने हलकं ढकलून जुळली तर काम झालं. पंचाला हातोडी लागत असेल तर थांबा आणि चंद्रकोरीकडे परत जा.

३० नंबरचं बिट का नको तेही सांगतो. डिंपल ३/३२ च्या डोक्याच्या मापाने पडलेत, १/८ चं डोकं त्यात बसणार नाही. मोठं भोक पाडून पुन्हा डिंपल केलात तर एकदा ताणलेला पत्रा दुसऱ्यांदा ताणला जातो आणि काठाला चीर जाण्याची शक्यता वाढते. दोन सरकलेली भोकं एकत्र ड्रिल केली की भोक गोल न राहता आठाच्या आकड्यासारखं होतं, आणि रिव्हेट ते पूर्ण भरत नाही. शिवाय भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या जाडीच्या किमान दुप्पट अंतर लागतं. १/८ साठी ते ६.४ मिलिमीटर होतं आणि अरुंद फ्लँजवर तेवढं मिळेलच असं नाही. एखादं भोक खरोखरच बिघडलं असेल तर १/८ ची दांडी पण लहान डोकं असलेले एनएएस १०९७ रिव्हेट मिळतात. बांधणारे त्यांना लाडाने ‘ऊप्स रिव्हेट’ म्हणतात. पंखाला दोन-चार लागले तर जीव खाली-वर करू नका. सलग पाच मात्र नकोत.

वाकड्या दोन रिव्हेटचं. आधी मोजा. आपण ठोकून तयार केलेलं डोकं दांडीच्या दीडपट रुंद आणि निम्म्या उंचीचं असावं. ३/३२ साठी रुंदी ३.६ मिलिमीटर आणि उंची १.२. हे आदर्श माप झालं. रुंदी १.३ पटीपर्यंत आली तरी रिव्हेट काम करतो. डोकं थोडं एका बाजूला कललंय, पण पत्र्याला सगळीकडून टेकलंय आणि भोक झाकलंय, तर मी ते सोडून देईन. डोक्याखाली फट मोजायची ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी शिरत असेल, दांडी दोन पत्र्यांच्या मध्येच फुगली असेल, किंवा डोकं फावड्यासारखं एका बाजूला लोळलं असेल, तर काढायचं. असा निवाडा लागतो कारण नवशिक्याच्या हातात वाईट रिव्हेटपेक्षा तो काढण्याचा प्रयत्न जास्त नुकसान करतो. मी बघितलेल्या बिघडलेल्या भोकांपैकी निम्मी तरी ‘अजून चांगलं करू’ म्हणून बिघडलेली होती.

काढायचाच झाला तर एडी जातीच्या रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध बारीक खळगा असतो, बिट तिथेच टेकवा. ४० नंबरचं बिट, आधी हाताने दोन-तीन फेरे, मग ड्रिल सावकाश, आणि फक्त डोक्याच्या जाडीएवढंच. पुढे जायचं नाही. भोकात पिन पंच घालून कलता केला की डोकं निघून येतं. मग मागे लाकडाचा आधार देऊन दांडी ठोकून काढायची. आधार न देता ठोकलीत तर रिबचा फ्लँज वाकेल आणि आपण पुन्हा पहिल्या प्रश्नावर येऊ.

ते दोन वाकडे का झाले, याचा अंदाज असा: दोन्ही नाकाजवळचे आहेत, म्हणजे बकिंग बार (रिव्हेटच्या मागे धरायचा जड ठोकळा) अडचणीत धरलेला होता आणि पत्रा-रिबमध्ये फट होती. भोकं सरकण्याचं आणि रिव्हेट वाकण्याचं मूळ एकच असावं. एकट्याने काम करत असाल तर नाकाच्या भागात तरी कुणाला तरी मदतीला घ्या. गन आधी पत्र्यावर घट्ट दाबायची, मग बार टेकवायचा, मगच गनचा घोडा दाबायचा. मी ३-एक्स गनला ३/३२ साठी हवेचा दाब ३५ ते ४० पीएसआय ठेवतो. तुमची गन आणि होजची लांबी वेगळी असेल, तेव्हा भंगार पत्र्यावर लावून बघा. दोन-तीन सेकंदांत डोकं तयार व्हावं. कमी दाबाने बराच वेळ टुकटुक केलं तर रिव्हेट ठोकून ठोकून कडक होतो आणि वाकतो. ओझरचे आमचे फोरमन पाठ करून उभे राहत आणि आवाजावरून सांगत, ‘झाला, थांब.’ सुरुवातीचा पत्र्याचा खणखणाट डोकं बसत आलं की बद्द होतो. हे वाचून येत नाही, शंभरेक रिव्हेट भंगारावर मारले की कानाला कळायला लागतं.

तुमच्या भागात ईएएची, म्हणजे घरी विमान बांधणाऱ्या हौशींच्या संस्थेची, शाखा असेलच. त्यांचे टेक्निकल कौन्सेलर फुकट घरी येऊन काम बघतात. पंख बंद करण्याआधी त्यांना एकदा बोलवा. आणि मला नवे फोटो पाठवलेत तर सरळ समोरून काढा, बॅटरी आडवी धरून, बाजूला स्टीलची पट्टी ठेवून. मागच्या फोटोत पाचव्या भोकाशेजारी एक काळी रेघ दिसतेय. ती मार्करची आहे की चीर, ते आधी बघा. चीर असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि ती रिब नवी मागवा.